ही-मॅनचा डावा हात

ही-मॅनच्या कार्टून मालिकेतला तरंगणारा छोटा जादूगार ऑर्को, त्याच्या छातीवर इंग्रजी 'ओ' आहे, तो उगाच नाही. त्याचं आधी ठरलेलं नाव होतं गॉर्पो, म्हणजे छातीवर 'जी' आला असता. पण ही मालिका बनवणाऱ्या फिल्मेशन स्टुडिओत एकच हालचाल दोन्हीकडे वापरायची पद्धत होती. ऑर्को एकदा उजवीकडे उडताना काढला की तीच चित्रं आरशातल्यासारखी उलटवायची, झाला डावीकडे उडणारा ऑर्को. 'जी' उलटा पडला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. 'ओ' कसाही फिरवा, 'ओ'च राहतो. म्हणून गॉर्पोचा ऑर्को झाला.

'ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' कशी बनली हे कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट आधी सांगते. चूक होण्याआधीच तिची सोय करून ठेवणारी माणसं होती ती.

आता हे लिहायला बसले त्याला कारण माझा भाचा. त्याला जुन्या कार्टूनमधल्या चुका दाखवणाऱ्या व्हिडिओंचा नाद लागलाय. रोज एखादा पाठवतो. "मावशी, हे बघ, ह्याची तलवारच गायब!" बघते, हसतेही. पण अशा प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी तेच तुणतुणं असतं: पैसे वाचवले, चित्रं पुन्हा पुन्हा वापरली, नुसत्या पाट्या टाकल्या. तिथे माझं डोकं फिरतं. चित्रं पुन्हा वापरली हे खरं, पैसे वाचवले हेही खरं. पाट्या टाकल्या हे मात्र ज्याने ॲनिमेशनचं टेबल कधी बघितलेलं नाही तोच म्हणेल.

मी अंधेरीच्या एका स्टुडिओत चेकर होते. परदेशी मालिकांचं काम तिथे यायचं. चेकर म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या चित्रांत खोट शोधण्याचा पगार घेणारी बाई. एका दृश्याचं एक फोल्डर. त्यात चित्रांचा गठ्ठा, लेआउट म्हणजे दृश्याचा आराखडा, आणि एक्स-शीट. एक्स-शीट म्हणजे उभाआडवा तक्ता: आडव्या प्रत्येक ओळीला एक फ्रेम, उभ्या रकान्यात लेव्हल, म्हणजे एकावर एक ठेवायच्या चित्रांचा थर. शरीर एका लेव्हलवर, डोकं दुसऱ्या, तोंड तिसऱ्या, हात वेगळा. कितव्या फ्रेमला कुठल्या लेव्हलवर कितव्या नंबरचं चित्र येणार, ते सगळं त्यात. चित्रं पेग बारवर, म्हणजे खुंट्यांच्या पट्टीवर, अडकवायची, खालचा दिवा लावायचा आणि बोटांत धरून फरफर उलटत बघायचं. सवय झाली की डोळ्याला आधी चूक दिसते आणि मग चित्र. हा रोग नोकरी सुटल्यावरही गेलेला नाही. लग्नाच्या अल्बममध्येही मी आधी कुणाच्या हातातलं घड्याळ पुढच्या फोटोत नाही ते बघते.

त्यामुळे कार्टूनमध्ये चूक दिसली की मी मनात तिचं टेबल शोधते. पात्राचा हात डोळ्याचं पातं लवेपर्यंत नाहीसा होऊन परत आला, तर ती एक्स-शीटची चूक. कुणीतरी त्या रकान्यात दोन फ्रेमना नंबर लिहायचा विसरला. पट्ट्याखाली एक तुकडा रंगवलेलाच नाही आणि त्यातून मागचा डोंगर दिसतोय, तर ते रंगाचं टेबल. हात ढालीच्या पुढे हवा तो मागे गेला, तर लेव्हलची उलटापालट. अख्खं पात्र मुंगी चावल्यासारखं टुणकन हललं, तर कागद पेगवर नीट बसलेला नव्हता. टीला बोलतेय आणि ओठ हलतायत सेनापती मॅन-ॲट-आर्म्सचे, तर आवाजाची पट्टी वाचून तोंडांचे नंबर टाकणाऱ्याने चुकीच्या रकान्यात टाकले. आणि चित्रावर केस किंवा धूळ वळवळली, तर बिचारा कॅमेरावाला. ही सगळी टेबलं वेगळी, माणसं वेगळी, आणि "ॲनिमेटरला चित्र काढता येत नव्हतं" हे ह्यातल्या एकाही चुकीचं कारण नाही.

आता तलवारीचं बघू, कारण भाच्याच्या व्हिडिओंचं मुख्य पात्र ही-मॅन नसून त्याची तलवार असते. धावताना पाठीवरच्या म्यानात तलवार आहे, पुढच्या दृश्यात नाही. आत्ता उजव्या हातात होती, आता डाव्या. ही-मॅन होण्याआधीच्या त्याच्या साध्या रूपाच्या, म्हणजे प्रिन्स ॲडमच्या, पाठीवर तर म्यानच नाही. तो हात पाठीमागे नेतो आणि शक्तीची तलवार काढतो. कुठून काढतो, ते त्यांच्या एटर्निया ग्रहाच्या देवालाच ठाऊक. मग "बाय द पॉवर ऑफ ग्रेस्कल" म्हणतो आणि मागे ग्रेस्कलचा किल्ला उभा राहतो. हा गृहस्थ क्षणापूर्वी जंगलात असो, समुद्रकाठी असो की खलनायक स्केलेटरच्या स्नेक माउंटनमध्ये असो, मागे किल्ला ठरलेला. लहानपणी आम्हाला ह्यात काही खटकलं नाही. पौराणिक सिनेमात विष्णूच्या बोटावर चक्र कुठून आलं असं आजीला कुणी विचारलंय का?

ह्या सगळ्याच्या मुळाशी स्टॉकची, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायची, चित्रं आहेत. फिल्मेशनचा साठा मोठा होता. ही-मॅन पळतोय, उडी मारतोय, कोलांटी घेतोय, प्रचंड दगड डोक्यावर उचलतोय, कॅमेऱ्याच्या थोबाडीत ठोसा मारतोय. ह्यातल्या बऱ्याच हालचालींसाठी खऱ्या माणसांचं चित्रीकरण करून त्या फिल्मवरून रेषा काढलेल्या आहेत, ज्याला रोटोस्कोप म्हणतात. म्हणून ही-मॅन पळतो तेव्हा त्याच्या खांद्यांना खरोखरचं वजन असतं, आणि थांबून बोलायला लागला की अचानक पुतळा होतो, फक्त ओठ हलतात. पळणं खऱ्या माणसाचं आहे, बोलणं एक्स-शीटचं.

हा साठा का लागला, त्याचा हिशेब मी भाच्याला कागदावर करून दाखवला. मालिका १९८३ च्या सप्टेंबरात सुरू झाली. शनिवारी सकाळी दाखवायच्या कार्टूनचे तेव्हा अमेरिकेत वर्षाला साधारण १३ नवे भाग पुरायचे. ही-मॅन मात्र सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचा म्हणून बनला, वेगवेगळ्या स्थानिक वाहिन्यांना विकलेला. आठवड्याला ५ भाग, १३ आठवडे, म्हणजे ६५. आणि दुसऱ्या सीझनला पुन्हा ६५. एकूण १३०. आता एक भाग २२ मिनिटांचा धरा. सेकंदाला २४ फ्रेम. ३१,६८० फ्रेम झाल्या. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं म्हटलं तरी १५,८४०. हे एका लेव्हलचं. दोन माणसं आणि एक वाघ पडद्यावर असले तर लेव्हली किती ते मोजा. मग त्याला ६५ ने गुणा आणि हे सगळं हाताने, कागदावर, मग सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, उतरवून, मागच्या बाजूने ब्रशने रंगवून. भाचा गुणाकाराला मोबाइल काढू लागला तेव्हा म्हटलं राहू दे, मुद्दा पोचला.

आणि इथेच व्हिडिओवाल्यांचं चुकतं असं मला वाटतं. ते म्हणतात, स्टॉक वापरला म्हणून चुका झाल्या. उलट आहे. स्टॉकच्या चित्रांत चुका जवळपास नसतात. ती एकदा काढली, तपासली, सुधारली, रंगवली, की पुढे सगळे भाग तीच बिनचूक चित्रं. एखाद्या चेकरला विचारा, तिला फोल्डरमध्ये स्टॉकचा शिक्का दिसला की केवढं बरं वाटतं! चूक होते ती जोडावर. जिथे स्टॉक संपतो आणि त्या भागासाठी नवीन काढलेलं दृश्य सुरू होतं, तिथे. स्टॉकमधला पळणारा ही-मॅन रिकाम्या हाताचा आहे. नवीन दृश्यात कथेप्रमाणे त्याने आत्ताच तलवार उपसलीय. दोन्ही चित्रं आपापल्या जागी बरोबर. शेजारी ठेवली की तलवार गायब.

डाव्या हाताचंही तेच. स्टॉकमधल्या दुसऱ्या एका दृश्यात तो उजवीकडे धावतो, तलवार उजव्या हातात. कथेत त्याला डावीकडे धावायचंय. चित्र उलटवलं, की तलवार डाव्या हातात. पुढचं नवीन दृश्य पुन्हा उजव्या हाताचं. म्हणजे ही-मॅन डावरा नाही, त्याचा फक्त कागद उलटा ठेवलाय. आणि इथे एक बारीक गोष्ट. रंगवलेली सेल नुसती पालथी घालून चालत नाही. रेषा पुढून असते आणि रंग मागून दिलेला असतो, पालथी घातली तर ब्रशचे फराटे दिसतील. म्हणून चित्रच उलटं करून सेलवर उतरवायचं आणि नव्याने रंगवायचं. रंगाचं कष्ट वाचत नाही. वाचतं ते फक्त काढण्याचं.

एकदा हे डोक्यात बसलं की ही-मॅनच्या अंगावरचे कपडे वेगळेच दिसायला लागतात. छातीवर मधोमध चिन्ह, त्याला दोन्हीकडे सारखे पट्टे. दोन्ही मनगटांत सारखी कडी. केस असे कापलेले की भांग डावा की उजवा हा प्रश्नच नाही. चेहरा उलटवा, फरक नाही. स्केलेटरही तसाच, मधोमध घडी घातली तर दोन्ही बाजू जुळतील. खेळणी मॅटेलने १९८२ मध्येच बाजारात आणली होती, त्यामुळे पात्रांची ठेवण स्टुडिओच्या हातात पूर्ण नव्हतीच. ट्रॅप जॉ बघा. त्याचा उजवा हात यांत्रिक. हे पात्र एकदा उलटवलं की यंत्र डाव्या खांद्यावर. अशा पात्राचं फोल्डर माझ्या टेबलावर आलं असतं तर मी आधी चहा मागवला असता.

त्याच १९८३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची कार्टून मालिकाही सुरू झाली होती. ती शनिवार सकाळची, तीन सीझन मिळून २७ भाग, आणि तिची चित्रं जपानमध्ये तोएईच्या स्टुडिओत झाली. तिच्यातला खलनायक व्हेंजर. त्याच्या डोक्याला शिंग एकच, तेही एका बाजूला. मला ते शिंग दिसलं की वाटतं, काय श्रीमंती आहे! चित्र उलटवायची सक्ती ज्याला नाही त्यालाच एक शिंग परवडतं. हा माझा अंदाज आहे हं, त्यांच्या आतल्या बैठका मी ऐकलेल्या नाहीत. पण फिल्मेशनमध्ये व्हेंजर जन्मला असता तर दोन शिंगं घेऊनच जन्मला असता ह्यावर मी पैज लावीन.

ऑर्कोकडे पुन्हा एकदा नीट बघा, कारण तो नुसता 'ओ'पुरता हुशारीने केलेला नाही. त्याला पाय नाहीत, तो तरंगतो. चालण्याचं चक्र काढायला नको. तोंड उपरण्याने झाकलेलं, ओठ जुळवायला नकोत. टोपीखाली काळोख आणि त्यात दोन डोळे, त्यामुळे चेहऱ्याच्या रेषाही नाहीत. सबंध मालिकेतलं सगळ्यात स्वस्त पात्र, आणि मुलांचं सगळ्यात लाडकं. त्याला आवाजही स्टुडिओचे प्रमुख लू शायमर यांनी स्वतः दिला, नामावलीत दुसरंच नाव लावून. आवाजाच्या बाबतीत एकूणच मोजकी मंडळी होती. स्केलेटर, मॅन-ॲट-आर्म्स, भित्रा वाघ क्रिंजर, त्याचा झालेला बॅटल कॅट, सगळे ॲलन ओपनहायमर. एका घशातून खलनायक आणि सेनापती भांडतायत म्हटल्यावर ओठ कुणाचे हलवायचे ह्यात टेबलावरच्या माणसाचा गोंधळ झाला तर त्याला मी तरी फासावर देणार नाही.

बॅटल कॅट मात्र महागडा. हिरव्या अंगावर पट्टे, आणि प्रत्येक चित्रात प्रत्येक पट्टा वेगळा रंगवायचा. पट्ट्यापट्ट्याचा प्राणी मुख्य पात्र म्हणून कुणी मंजूर केला असेल त्याला रंगाच्या विभागातल्या बायकांनी काय काय शिव्या घातल्या असतील! धावत्या बॅटल कॅटवर फ्रेम थांबवत गेलं की पट्टा चोरणारं एखादं चित्र सापडतंच.

रंगाबद्दल मला एक गोष्ट आमच्या सुपरवायझर काकांनी शिकवली होती. काका जुन्या वळणाचे, सेलच्या काळातले. आमचं सगळं काम तोवर कॉम्प्युटरवर रंगवलं जायचं, पण ते जुन्या सेलच्या गोष्टी सांगत बसायचे. सेल दिसायला पारदर्शक, पण पूर्ण नाही. एकावर एक चार ठेवल्या की सगळ्यात खालचा रंग किंचित मळकट दिसतो. म्हणून एकाच लाल कुडत्याचे लाल दोन-तीन असायचे. वरच्या लेव्हलसाठी एक, खालच्यासाठी जरा उजळ दुसरा, त्याच्याही खालच्यासाठी तिसरा. बाटल्यांवर नंबर. आता एखाद्या दृश्यात एक्स-शीटने पात्राला वरच्या लेव्हलवरून खालच्या लेव्हलवर ढकललं आणि रंगवणारीला कुणी सांगितलं नाही, की पात्र बोलता बोलता काळवंडतं. जुन्या मालिकांत कुणाच्या अंगाचा रंग मध्येच बदलला की लोक म्हणतात रंगाची बाटली चुकली. खूपदा बाटली बरोबर असते, मजला चुकलेला असतो.

फिल्मेशनच्या रंगांचा विषय निघाला की 'स्टार ट्रेक'ची १९७३ ची कार्टून मालिका आठवायलाच हवी. तिच्यात नको तिथे गुलाबी रंग आहे. परग्रहावरच्या लढाऊ, मांजरासारख्या क्झिन्टींची वस्त्रं गुलाबी, यानं गुलाबी. दिग्दर्शक हॅल सदरलंड रंगांध होते, आणि रंगांचं खातं सांभाळणाऱ्या अर्व्ह कॅप्लन यांना गुलाबी फार प्रिय. दोघांत तिसरा कुणी "अहो, हे गुलाबी झालंय" म्हणणारा नसावा. प्रिन्स ॲडमच्या गुलाबी बंडीचा ह्याच्याशी संबंध आहे की नाही, त्यावर भाच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. मी म्हणते नाही.

तसं ॲडमची बंडी गुलाबी असते हे मला फार उशिरा कळलं. दूरदर्शनवर ही-मॅन लागायचा तेव्हा डोंबिवलीत आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. शटरचा, चार पायांचा. आमच्या घरी बॅटल कॅट करडा होता, स्केलेटर करडा होता आणि गुलाबी बंडीही करडीच. रंगाची एकही चूक आमच्या घरात कधी घुसली नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये कलर टीव्ही होता, तिथली मुलं वाघ हिरवा आहे म्हणायची तेव्हा आम्ही त्यांना थापाडे ठरवलं होतं. ही-मॅनची खेळणी तेव्हा आपल्याकडेही बनायची, लिओ मॅटेलची. त्या भारतीय बाहुल्यांचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा कुठे कुठे वेगळे आहेत, आणि आज परदेशातले संग्राहक नेमके तेच वेगळे रंग शोधत फिरतात. कार्टूनमध्ये रंग बदलला तर हसायचं आणि बाहुलीचा बदलला तर जास्त पैसे मोजायचे, अशी ही गंमत.

सेलच्या काळातली चूक आणि आमच्या काळातली चूक ह्यांचा स्वभावच वेगळा. सेल एकेक रंगवली जायची, म्हणून चूक एका चित्रापुरती. क्षणभर लुकलुकते आणि जाते. तुम्ही डोळे चोळता, भास झाला का म्हणून. कॉम्प्युटरवर रंग एका पॅलेटमधून सगळ्या चित्रांना जातो. तिथे चूक झाली की ती लुकलुकत नाही, अख्ख्या दृश्यभर ठाण मांडून बसते. आणि गंमत म्हणजे ती दिसत नाही. सगळीकडे सारखीच चुकलेली असली की डोळा तिला खरं मानतो. सेनापतीचा हातमोजा सबंध दृश्यभर तपकिरीऐवजी काळा, तर बघणारा म्हणतो, असेल काळा. मॉडेल शीट, म्हणजे पात्राचं नमुन्याचं चित्र, समोर ठेवल्याशिवाय पकडता येत नाही. दुसरी आमची खास चूक म्हणजे गळती. रेषेत केसाएवढी फट राहिली की भरलेला रंग त्या फटीतून बाहेर सांडतो आणि क्षणात सगळं आकाश कातडीच्या रंगाचं होतं. ते बघून रंगाच्या विभागात हशा पिकायचा. मग कुणीतरी झूम करून ती फट शोधत बसायचं.

परदेशातून रिटेक, म्हणजे दुरुस्तीच्या चिठ्ठ्या, यायचे ते बहुतेक ह्याच प्रकारचे. सीनचा नंबर, फ्रेम, आणि खाली खरमरीत एक ओळ. सीन वेळेत जायचा तेव्हा कौतुकाचं एक अक्षर यायचं नाही, ते एक सोडा.

लू शायमर यांच्याबद्दल माझ्या मनात जरा अडचणीचं प्रेम आहे, ते आता सांगून टाकते. त्या काळात अमेरिकेतले इतर स्टुडिओ चित्रांचं काम तैवान, जपान, कोरियाला पाठवू लागले होते. फिल्मेशनने, झोरोची एक मालिका सोडली तर, काम लॉस एंजेलिस भागातच ठेवलं. शायमर यांचा त्याबाबत हट्टच होता. आणि त्या हट्टाची किंमत म्हणजे हा स्टॉक. बाहेर स्वस्तात नवीन चित्रं काढून घेण्याऐवजी घरातल्या माणसांनी काढलेली पुन्हा वापरा, पण घरातली माणसं कामावर ठेवा. व्हिडिओवाले ज्याला कंजुषी म्हणतात ती एका अर्थी पगारपत्रक होती.

तो स्टुडिओ टिकला नाही. १९८९ मध्ये लॉरिआल ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी ज्यात होती त्या गटाने फिल्मेशन विकत घेतला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाळं लावलं. मोठ्या प्रमाणावर कामगार काढायचे तर ६० दिवस आधी नोटीस द्यावी असा कायदा अमेरिकेत लागू होणार होता ४ फेब्रुवारीला. टाळं लागलं त्याच्या आदल्या दिवशी. गिरणगावात नातेवाईक असलेल्या कुणालाही ह्यात वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि माझी नोकरी? ती त्याच बाहेर पाठवलेल्या कामातून आली. जे काम आपल्या शहराबाहेर जाऊ नये म्हणून शायमर यांनी ही-मॅनला तेच ते पळायला लावलं, तेच काम फिरत फिरत पुढे अंधेरीत आलं आणि त्यावर माझं घर चाललं. सगळे शायमरसारखे वागले असते तर मी चेकर झालेच नसते. म्हणून कुणी त्यांना कंजूष म्हटलं की मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि बाजू घेताना जरा चोरट्यासारखंही वाटतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, तू कार्टून बघतेस की पेपर?"

असो. तुम्हाला स्वतःला चुका धरायच्या असतील तर मोठ्या पडद्यावर, कॉम्प्युटरवर बघा, मोबाइलवर जमणार नाही. यूट्यूबवर भाग थांबवायचा आणि कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबत जायचं, एकेक फ्रेम पुढे सरकते. स्वल्पविरामाने मागे. ही-मॅन रूप बदलतो तिथे वेळ घालवू नका, ते दृश्य शंभर वेळा तपासलेलं आहे, काही मिळणार नाही. तो पळायचा थांबतो आणि बोलायला लागतो तिथे थांबा. आधी उजवा हात बघा, मग पाठीवरचं म्यान. बॅटल कॅट बरोबर असेल तर पट्टे मोजा. आणि काही सापडलं तर कुठल्या टेबलावरचं आहे ते ओळखून मला कळवा, नुसतं "हाहा गायब" नको.